तोमासीनाची मुलगी

धुतलेल्या केसांना रुमाल गुंडाळून आर्लेनी नेरेदाच्या पार्लरमध्ये शिरली, तेव्हा बाकावरची कुजबुज थांबली. शनिवार होता. ब्रॉडवे रस्त्याच्या या टोकाच्या आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायका डोक्यावर रोलर लावून, केस सरळ व्हायची वाट बघत बसल्या होत्या. या गर्दीत आर्लेनी कधी फिरकत नसे.

मागोमाग तिची आई तोमासीना आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. मुलगी दुधासारखी गोरी, हिरव्या डोळ्यांची. आई काळीभोर, आणि केस इतके बारीक कुरळे की कंगवा अडकावा. बाप तिकडे आमच्या देशात, सँटो डोमिंगोलाच राहिलेला. त्याला इथे कुणी पाहिलं नव्हतं.

"पडद्यामागे घेशील?" आर्लेनीने विचारलं.

नेरेदाने वरच्या फळीवरून एक डबा काढला, त्यावरची धूळ पुसली आणि तिला आत नेलं.

"बघितलंस?" सुनिल्दा शेजारणीला म्हणाली. "तिचे ते सरळ केस पार्लरचेच, मी सांगत नव्हते? आईकडे बघ की. कुरळी मुळं दिसायला लागली असतील, म्हणून रुमाल."

"उद्या तिच्या त्या गोऱ्या मित्राच्या, ग्रेगरीच्या आईवडिलांकडे दोघींना जेवण आहे म्हणे."

"मग बरोबर. गोऱ्यांत गोरी होऊन बसायचंय बाईसाहेबांना."

सुनिल्दाचे केस गेली वीस वर्षं याच बाकावर सरळ होत आले होते, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे.

तोमासीनाला सगळं ऐकू येत होतं. आर्लेनी बाबागाडीत होती तेव्हापासून बागेतल्या बायका तिला विचारायच्या, कुणाचं मूल सांभाळतेस? गेल्या महिन्यात ग्रेगरीच्या बहिणीकडे एका पाहुण्याने तिला कामवाली समजून आपला कोट तिच्या हातात दिला. तिने तो नीट टांगून ठेवला. पण तेव्हापासून उद्याच्या जेवणाचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

पडद्यामागून औषधाचा उग्र वास आला.

"एकदा लावलं की माघार नाही हं," नेरेदा म्हणत होती. "केसांची वाट लागेल, पोरी."

"लागू दे."

"आणि तुझ्या ऑफिसात? तिथे तुला इटालियन समजतात ना?"

"त्यांचं सोड. लोक आधी आईकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विचारतात. उद्या तो प्रश्न मला ऐकायचा नाहीये."

सुनिल्दाने आमच्याकडच्या रीतीने ओठ पुढे काढून शेजारणीला तोमासीनाच्या दिशेने खूण केली. ऐकलंस, पोरीला आईची लाज वाटते.

तोमासीना उठून पडद्याजवळ गेली.

"आर्लेनी, मी काय म्हणते, उद्या तू एकटीच जा. माझे गुडघे दुखतायत म्हणून सांग."

पडद्याआडून आर्लेनीचा आवाज आला.

"तू बस, आई. मला अजून वेळ लागेल."

तोमासीना परत येऊन बसली. दिवसा इस्पितळाच्या फरशा पुसून आणि संध्याकाळी दुसऱ्यांची भांडी करून जिने मुलीला शिकवलं, ती बाई पर्स मांडीवर घेऊन मान खाली घालून बसली होती. ते बघवत नव्हतं. सुनिल्दासुद्धा तोंड फिरवून आपल्या कॉफीकडे वळली.

शेवटी पडदा सरकला आणि सुनिल्दाच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. आर्लेनीचे पाठीवर रुळणारे, जन्मात कधी औषध न लागलेले सरळ केस गेले होते. त्यांच्या जागी डोकंभर बारीक कुरळे केस उभे होते, थेट तोमासीनाचे. ती आईपाशी गेली, तिला आरशासमोर उभं केलं आणि तिच्या गालाला गाल लावला.

"आता विचारू देत, ही कुणाची म्हणून."

तोमासीनाने त्या केसांत बोटं घातली. बोटं अडकली.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.