भेकराची पैज

“आधी कोणाला ऐकू येतं ते आज बघूच!” असं म्हणत भगवंत ताडताड दरीत उतरू लागला. मागून त्याची बायको उषा, पुढे नवशा. नवशा त्याच्याच कारखान्यातला, दरी नवशाच्या पाड्यामागची. पाऊस सरला होता. गवत कमरेला लागत होतं, खाली ओढा उन्हात लखलखत होता. पण भगवंतला आज शोभा बघायची नव्हती. त्याला पैज जिंकायची होती.

उषाचं एकच पालुपद. “अहो, तुमचे कान गेलेत. डॉक्टरला दाखवा आणि ते साचे सोडा.” बोईसरला कापड विणायच्या साच्यांवर भगवंतचा जन्म गेला होता. साचे सोडायचे म्हणजे काय पोरखेळ आहे? आणि म्हणे कान गेले! अहो, साच्यांच्या त्या खडखडाटात तो पार पलीकडच्या टोकाच्या माणसाशी गप्पा मारायचा. तिथं सगळे तसेच बोलत, नुसते ओठ हलवून. उषाच पुटपुटते, दुसरं काय! शेवटी त्यानंच पैज लावली. भेकराचं ओरडणं तिच्याआधी ऐकलं, तर पुन्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाही. नाही ऐकलं, तर साचे सोडले.

नवशा पुढून काहीबाही सांगत चालला होता. भगवंत खेकसला, “अरे बाबा, तोंड इकडे करून बोल की!”

नवशा वळला. “भेकर लय लाजरं हाय, दादा. दिसायचं नाय. पन वरडलं का डोंगर दणाणतो.”

ओढ्याच्या वळणावर भगवंत थबकला. समोर खडकाशी एक तांबूस, लहानसं हरीण उभं होतं. भेकर! काय देखणं जनावर! भगवंतला इतका आनंद झाला की पैजसुद्धा क्षणभर विसरला. आधी त्यालाच दिसलं होतं. आता ते ओरडायचीच काय ती खोटी. त्यानं श्वास रोखला. ऐकल्याशिवाय इथून हलायचं नाही म्हणजे नाही.

भेकरानं मान वर केली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. भगवंत सवयीनं त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याला राहवेना. त्यानं मागं वळून हळूच विचारलं,

“हे ओरडत का नाही गं अजून?”

उषा दोन्ही कान घट्ट दाबून उभी होती, आणि रडत होती.