हात न लावता

"हात खिशात, कार्मेलो," परीक्षक ग्लेनिस म्हणाली आणि तिने स्टॉपवॉचची कळ दाबली.

कार्मेलो झामितने दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले. दहा मिनिटांत एका नवख्या माणसाला कोबीची रोपं लावायला शिकवायचं. मातीला हात लावायचा नाही, हुकूम सोडायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. सामुदायिक बागेचे स्वयंसेवक शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची शेवटची परीक्षा एवढीच. दुसऱ्या कुणाला ती पोरखेळ वाटली असती. पण कार्मेलोला सहा महिन्यांपूर्वी याच बागेतून हाकललं होतं, कारण लोकांच्या वाफ्यातली वेडीवाकडी रोपं उपटून तो ती दोरी धरून सरळ ओळीत लावायचा. तेही कुणाला न विचारता. समितीने सुनावलं होतं, आधी शिकवायला शिका, मगच फाटकाची किल्ली मिळेल. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने सहा महिने बाल्कनीतल्या एका टोमॅटोच्या कुंडीवर काढले होते. आता त्या टोमॅटोलाही त्याचा वीट आला असावा.

नवखी म्हणून समोर बसली होती वासिती. समितीकडे तक्रार केली होती, ती हीच बाई.

"मुद्दाम आणलीत ना हिला?" तो ग्लेनिसच्या कानाशी पुटपुटला.

"ती आपणहून आली. नऊ मिनिटं वीस सेकंद."

वासितीने गुडघ्याखाली पोतं सारलं, खुरप्याने खड्डा केला आणि रोप काळ्या प्लास्टिकच्या डबीसकट मातीत पुरलं. वरून प्रेमाने थोपटलंसुद्धा. कार्मेलोच्या खिशातली नाणी खुळखुळली.

"वासितीबाई," तो घसा खाकरून म्हणाला, "मुळांना त्या डबीत गुदमरल्यासारखं होत असेल, नाही का?"

"मला काय माहीत? मी नवखी."

"मग डबी काढून बघता का?"

"हे सांगताय की विचारताय?"

"विचारतोय!" तो ओरडलाच. ग्लेनिसने कागदावर काहीतरी खरडलं.

डबी निघाली. दुसरं रोप मात्र पहिल्याला खेटून बसलं आणि तिसरं त्या दोघांना चिकटून. कार्मेलोच्या ओठांवर आईकडून शिकलेली अस्सल माल्टी शिवी आली. ती त्याने गिळली.

"हे कोबी मोठे झाले की बसणार कुठे?"

"एकमेकांच्या मांडीवर," वासिती गंभीरपणे म्हणाली.

"एक मिनिट उरलं," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज डॉक्टर वाईट बातमी देताना काढतात तसा होता. कार्मेलोचा धीर सुटला.

"बाई, तुम्ही जन्मात कधी काही लावलंय का हो?"

ग्लेनिसचं पेन थांबलं. वासितीने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"बावीस वर्षं लावलंय. तिकडे फिजीत, सुवाच्या बाजारात माझा कोबी सकाळी नऊच्या आत संपायचा."

"हाच तो प्रश्न!" ग्लेनिस म्हणाली. "समोरच्याला काय येतं, ते सगळ्यात आधी विचारायचं असतं. पास. पण अगदी काठावर."

कार्मेलोने हात खिशातून काढले. त्याला नाचावंसं वाटत होतं. वासितीने मात्र तिन्ही रोपं उपटली आणि बघता बघता हातभर अंतरावर पुन्हा लावली, त्याला दोरी धरूनही जमलं नसतं इतकी सरळ.

"माझ्या कोबीच्या मधलं जे तुम्ही तण म्हणून उपटलंत," ती म्हणाली, "तो लसूण होता. अळ्या येऊ नयेत म्हणून लावलेला. तुमच्या सरळ ओळीतल्या कोबीला किती भोकं पडली होती?"

कार्मेलोला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. खोटं बोलायची सोय होती, पण जीभ वळेना.

"एकही कोबी सुटला नव्हता," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "किती अंतरावर लावायचा असतो तो लसूण?"

प्रमाणपत्रावर सही हवी म्हणून ग्लेनिसने दोनदा हाक मारली. कार्मेलो दोन रोपांच्या मधे गुडघ्यांवर बसून मातीवर वीत टेकवत होता.

"जास्त झालं," वासिती म्हणाली. "बोटं जरा मिटा."