शनीसाठी लावलेला कॅमेरा

सलिलनं गच्चीवर कॅमेरा जोडून दुर्बीण मांडली होती ती शनीच्या फोटोसाठी. एवढ्यात खालच्या वाडीतली चिमा धापा टाकत वर आली. काल मासेमारीला गेलेला तिचा लेक बाबू दुपार टळली तरी परतला नव्हता, आणि रात्री वारं भलतंच सुटलं होतं.

"दादा, आमची हिरवी होडी कुठं दिसते काय, बगा वो."

सलिलनं दुर्बीण समुद्राकडे वळवली. मिऱ्या गावाच्या टोकापलीकडे, नुसत्या पाण्यात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हिरवा डाग सापडला. पण तो इतका लहान की मोजक्या पिक्सेलांतच आटोपला. त्यानं मध्ये चित्र मोठं करणारं बार्लो भिंग चढवलं, एफ-आठची दुर्बीण एफ-वीसला नेली, म्हणजे चित्र अडीच पट झालं. पिक्सेलांना पुरेल एवढं चित्र झालं आणि कॉम्प्युटरवर होडी लख्ख उमटली.

"आमचीच! कशी सरळ हाय बगा! मेला आत झोपला असंल." चिमा रडतारडता हसली आणि भात टाकायला घराकडे पळाली.

सलिलला तिला हाक मारवेना. ग्रहांचे फोटो उलटे घ्यायची रीत, म्हणून पडद्यावर सगळं उलटं दिसावं असा सकाळीच त्यानं कॅमेरा उलटा बसवला होता. तो अजून उलटाच होता.