येसूबाईंची परवानगी

हेमालीने लॅपटॉपवर बनवलेलं पहिलं इलेक्ट्रॉनिक गाणं शुक्रवारी गाण्यांच्या सगळ्या ॲपवर येणार होतं. पाठीशी कुठली म्युझिक कंपनी नव्हती, फॉर्मसुद्धा तिनेच भरले होते. गुरुवारी सकाळी, गाणी ॲपवर चढवणाऱ्या वेबसाइटचा ईमेल आला. गाण्यातला बाईचा आवाज कुणाचा? संध्याकाळपर्यंत लेखी परवानगी पाठवा, नाहीतर गाणं रद्द.

आवाज लग्नात धवले गाणाऱ्या येसूबाईंचा होता. रेवसच्या एका हळदीत हेमालीने तो न विचारताच मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. परवानगीचा कागद घेऊन ती त्यांच्या घरी धावली. येसूबाईंनी हेडफोन लावून डोळे मिटले. मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"कवा भरून घेतलास गो माझा आवाज?"

"मागच्या वर्षी, मावशी. विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"आनि आता ह्यो सगल्या जगाला ऐकवनार?"

हेमालीने कागद त्यांच्यासमोर ठेवला. "तुम्ही नको म्हणालात तर नाही."

येसूबाईंनी कागदाची घडी करून ती कमरेला खोचली.



"त्या दिवशी माझा घसा बसला व्हता. आता नीट गाते, त्यो भरून घे. सही मंग."