पडद्याबाहेर

स्टीलचा पेला मनोरमाबाईंच्या गालाला लागून फरशीवर घरंगळत गेला. दिनानाथांनी दुसऱ्या हाताने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला होता. "हिला बाहेर काढा. ही माझ्या घरात शिरलीय," ते धापा टाकत म्हणाले. पलंगाजवळच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशीवर उतरला आणि ते टीटी वाजू लागलं.

न्यूमोनिया झाला म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांना एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून वसईच्या या हॉस्पिटलात आणलं होतं. विस्मरणाचा आजार तीन वर्षांचा. घरी ते कधी बायकोलाच, म्हणजे मनोरमाबाईंनाच, घराचा पत्ता विचारत, कधी चिडत, पण हात उगारत नसत. इथे आल्यापासून मात्र वॉर्डातल्या मावशीला लाथ बसली आणि वॉर्डबॉयच्या मनगटावर दात उमटले. डॉक्टरांनी सकाळी स्पष्टच सांगितलं होतं. मास्क राहिला नाही तर हात बांधून झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल, आणि या फुप्फुसांना ते कितपत झेपेल, सांगता येत नाही.

मनोरमाबाईंनी हात बांधू द्यायला साफ नकार दिला. त्यांची एकतीस वर्षं मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेली होती, शेवटची आठ मेट्रन म्हणून. दारू उतरताना भिंतीवर डोकं आपटणारे, सलाईनचा स्टँड उचलून अंगावर धावणारे, असे कितीतरी त्यांनी नुसत्या आवाजावर खाली बसवले होते. शिकाऊ मुलींना मुद्दाम त्यांच्या हाताखाली पाठवत. मला दहा मिनिटं द्या, एवढंच त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

त्यांनी सगळं करून पाहिलं. समोर न जाता कडेला उभ्या राहिल्या. तळहात उघडे ठेवले, आवाज खाली आणला. हे तुमचं घर नाही, असा वाद घातला नाही. अहो, मी मनोरमा, इतकंच सांगत राहिल्या. पण त्या बोलल्या की दिनानाथ आणखी बिथरत. शेवटी त्यांनी हातातली सलाईनची सुई उपटली. चादरीवर रक्त सांडलं. वॉर्डबॉय बांधायच्या पट्ट्या घेऊन दारात येऊन उभा राहिला.

तेव्हा अँजेलिना पुढे झाली. वसईजवळच्या पापडी गावची पोरगी, नर्स होऊन वर्षही झालं नव्हतं. ती पेशंटकडे गेलीच नाही. मनोरमाबाईंचं कोपर धरून तिने त्यांना हलकेच पडद्याबाहेर आणलं. बोलायला तिला जड जात होतं.

"मॅडम, काल तुम्ही औषधं आणायला खाली गेलात, तेव्हा ते अगदी शांत होते. आज पहाटे तुम्ही बाहेर होतात, तेव्हासुद्धा. तुम्ही दिसलात की घाबरतात ते."

पेशंट ज्याला घाबरतो, ते आधी त्याच्या नजरेआड करायचं. पहिल्याच दिवशी मनोरमाबाई प्रत्येक शिकाऊ मुलीला हे शिकवत. कधी ती भिंतीवरची सावली असे, कधी शेजारचा पेशंट, आणि पुष्कळदा जवळचं माणूसच. अशी किती माणसं त्यांनी वॉर्डाबाहेर काढली होती. ती बाहेर जाऊन काय करतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तू आत जा, मी थांबते इथेच, असं त्यांनी अँजेलिनाला सांगितलं.

पडद्यापलीकडून तिचा आवाज ऐकू येत राहिला. ती बाई गेली, आजोबा, असं ती म्हणत होती. खरंच गेली का, दिनानाथांनी दोनदा विचारलं. मग पलंगाची करकर थांबली. हळूहळू मशीनची टीटीही थांबली, म्हणजे मास्क तोंडावर बसला होता. वॉर्डबॉय पट्ट्या गुंडाळून परत गेला. मनोरमाबाईंनी पदर तोंडात धरला.

बऱ्याच वेळाने दिनानाथ बोलले. आवाज मास्कमुळे घोगरा झाला होता, पण त्यात राग नव्हता.

"सिस्टर, आता माझ्या मनूला आत बोलवा. केव्हाची बाहेर ताटकळली असेल बिचारी."