रिकाम्या वाटीचं कार्ड

"शेवटचे दोनच शब्द," असं म्हणूनही प्रमुख पाहुण्यांना अर्धा तास झाला होता. विशेष मुलांच्या बालवाडीतली चिमुरडी सतरंजीवर एकेक करून आडवी होत होती.

जुईच्या आईची नजर मात्र जुईवर होती. जुई बोलत नसे. हवं ते सांगायला वर्गात चित्रांची कार्डं होती. मुलानं कार्ड दिलं, की वर्गाच्या कुंदाताईंनी तिथल्या तिथे तसं करायचं, हा नियम. पण जुईनं आजवर एकही कार्ड आपणहून दिलं नव्हतं.

तेवढ्यात जुई उठली. फळ्यावरचं कार्ड तिनं खर्रकन उपटलं आणि तरातरा मंचावर जाऊन पाहुण्यांच्या हातात कोंबलं. कार्डावर रिकामी वाटी होती. म्हणजे, "संपलं."

आई धडपडत उठली. आता शाळेतून काढणार!

"अरे वा, मला भेट?" पाहुणे विरघळले.

"हो, साहेब. आभारी आहोत," म्हणत कुंदाताईंनी माईक काढून घेतला. नियम म्हणजे नियम.

"दिलं! आपणहून दिलं!" आई रडतच टाळ्या पिटू लागली.

पाहुण्यांनी भारावून हात जोडले. त्यांचं भाषण आजवर इतकं कुणाच्या काळजाला भिडलं नव्हतं.