अखंड सूर

दुकानातून घरी आलेला तंत्रज्ञ नवा सिंथेसायझर जोडून निघणार, तेवढ्यात पेटीवाल्या काकांनी विचारले, "यात म्हणे बाईचा आवाजही आहे?"

"बाई काय, अख्खा वाद्यवृंद आहे! शिवाय वाजवलेलं जसंच्या तसं परत ऐकवतो. आता तुमचं कुणावाचून अडायचं नाही, काका."

काकांनी रिकाम्या घरावर एकवार नजर फिरवली आणि बाईच्या आवाजात एक जुने गाणे वाजवले. यंत्राने ते परत ऐकवले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सूर क्षणभर तुटला. पुढच्या कडव्यातही नेमका तिथेच.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "पट्टी अडकतेय बहुतेक. आजच बदलून देतो." त्याने ती पट्टी दाबून धरली. सूर न थकता, न थरथरता वाहतच राहिला. तो हसला. "छे, ही तर ठणठणीत आहे! काका, तिथे तुमचाच हात उचलला जातोय. कशाला उचलता? हा आवाज कितीही वेळ टिकतो."

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिले.

"सवय," ते म्हणाले. "तिथे आमची ही श्वास घ्यायची."